पंचांमुखीं परमेश्वर, पण काटा कोणाचा?

"पंचांमुखीं परमेश्वर" ही म्हण आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस लहानपणापासून पाठ असते. तंटा बांधाचा असो, वांटणीचा असो, कीं मजुरीचा असो, कोणी शहाणासुरता मनुष्य पुढें येतो आणि म्हणतो, "कशाला भांडतां? पंचांकडे सोंपवा, आणि ते देतील तें मुकाट्यानें घ्या." हा उपदेश ऐकावयास गोड आहे. भांडण मिटावें असें कोणाला वाटत नाहीं? आम्हांलाही वाटतें. परंतु असा उपदेश करणाऱ्यास आमचे तीन साधे सवाल आहेत. पंच नेमले कोणीं? पंचांपुढें जी वही ठेवली ती लिहिली कोणीं? आणि त्या वहींत जें वजन मांडलें तें कोणाच्या काट्यावर झालें? या तिहींचीं उत्तरें मिळाल्यावांचून पंचांच्या तोंडून परमेश्वर बोलतो आहे कीं सावकार बोलतो आहे, हें कळावयास मार्ग नाहीं.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. ज्या विलायतेच्या कोळशावर एके काळीं अर्ध्या जगाच्या आगगाड्या, आगबोटी व गिरण्या चालल्या, तेथील खाणींतल्या मजुरांनीं या तीन सवालांपायीं शंभर वर्षांवर झगडा केला. त्यांचे मजुरीचे करार, टाळेबंद्या, संप आणि लवाद यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. परक्यांची गोष्ट म्हणून कोणी पान उलटूं नये. मापांत मारला गेलेला मनुष्य कोणत्याही मुलखांतला असला तरी तो आमच्याच आळींतला आहे.

काटा

स्कॉटलंडांतील कोळसा खणणारे लोक १७९९ च्या कायद्यापर्यंत पुरते मोकळे नव्हते. खाण विकली कीं तिच्याबरोबर तेही नव्या धन्याकडे जात. इंग्लंडाच्या उत्तरेस डरहॅम व नॉर्थम्बरलंड या भागांत अशी गुलामी नव्हती, पण सालगडी होता. वर्षाच्या बोलीवर मजुरानें करारावर फुली मारावयाची, हातावर विसाराचे चार पैसे पडावयाचे, आणि मग वर्षभर खाण सोडून जाण्याची सोय नाहीं. गेला तर तुरुंग. डरहॅमची ही सालबंदी १८७२ पर्यंत चालली. ज्यांच्या घरांतला कोणी सालानें राहिला असेल, त्यांना ही बोली समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मजुरी मिळे ती वजनावर. माणूस जमिनीच्या पोटांत, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडांत, कित्येक ठिकाणीं कुशीवर पडून कोळसा फोडी, तो टबांत भरी आणि टबाला आपल्या खुणेचा बिल्ला अडकवी. टब वर जाई. वर काटा मालकाचा, तोलणारा मालकाचा, लिहिणाराही मालकाचा. टब थोडा कमी भरला, किंवा कोळशांत दगड निघाला, म्हणजे कित्येक खाणींत साऱ्या टबाची मजुरी बुडे. संध्याकाळीं वर आल्यावर मजुराला वहींतला आंकडा सांगण्यांत येई. तो खरा कीं खोटा हें विचारावें कसें? त्याच्याजवळ दुसरा आंकडाच नव्हता.

म्हणून या लोकांनीं पगारवाढीच्या बरोबरीनें एक निराळीच मागणी लावून धरली: खाणीच्या तोंडाशीं, मालकाच्या तोलाऱ्याच्या शेजारीं, आमचा माणूस उभा राहील. १८६० च्या कायद्यानें हा हक्क मिळाला. तिकडे त्या माणसाला चेकवेमन म्हणत. आम्ही त्याला मजुरांचा मापाडी म्हणूं. त्याचा पगार मजुरांनींच आपल्या कमाईंतून वर्गणी काढून द्यावयाचा. पण कायद्यांत एक मेख होती. हा मापाडी त्याच खाणींत कामाला असलेल्यांपैकीं असला पाहिजे, अशी अट होती. मग मालकाला काय कठीण? निवडलेल्या माणसाला कामावरून काढला कीं हक्क कागदावर आणि काटा पुन्हां मालकाचा! ही मेख सैल करावयास मजुरांना आणखी कित्येक वर्षें झगडावें लागलें. १८७२ व १८८७ च्या कायद्यांनीं हा हक्क हळूहळू पक्का झाला.

या मापाड्याचें महत्त्व वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. साऱ्या खाणीवर पगारासाठीं मालकाचें तोंड पाहावें लागत नाहीं असा हा एकच माणूस. त्याला हिशेब येतो, कायदा वाचतां येतो, आणि रोज प्रत्येक मजुराशीं त्याचा संबंध येतो. म्हणूनच पुढें खाणमजुरांचे मोठमोठे पुढारी या काट्यापासूनच निघाले. यॉर्कशायरचा हर्बर्ट स्मिथ त्यांतलाच. स्कॉटलंडांतील लार्कहॉल येथील रॉबर्ट स्मायली हाही त्यांतलाच. स्मायलीचें नांव लक्षांत ठेवावें. तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

पट्टी

वजन खरें झालें. पण टनाला दर काय? येथें मालकांनीं, आणि मजुरांच्या कांहीं मवाळ पुढाऱ्यांनींही, एक मोठी शास्त्रीय दिसणारी युक्ति काढली. तिचें नांव सरकती पट्टी. कोळशाचा बाजारभाव वाढला कीं मजुरी ठरल्या प्रमाणांत वाढेल, भाव उतरला कीं तितक्याच प्रमाणांत उतरेल. भाव किती हें हिशेबतपासनीस सांगतील. भांडणाचें कारणच उरणार नाहीं! साउथ वेल्समध्यें १८७५ सालीं मोठ्या टाळेबंदीनंतर ही पट्टी आली, डरहॅममध्यें १८७७ सालीं आली. साउथ वेल्सचा लोकप्रिय पुढारी विल्यम अब्राहम, ज्याला लोक प्रेमानें मेबन म्हणत, तो या पट्टीचा मोठा पुरस्कर्ता होता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण प्रामाणिक माणसानें मान्य केला म्हणून खोटा काटा खरा होत नाहीं.

या पट्टींत खोट कोठें होती? कोळशाचा सौदा होतांना मजूर बैठकींत नसे. मोठें कंत्राट हातचें जाऊं नये म्हणून मालक भाव पाडी. त्यांतली तूट आपोआप मजुरीवर उतरे. म्हणजे मालकानें दुसऱ्या मालकाशीं चढाओढ करावयाची आणि तिचा खर्च खालीं खणणाऱ्याच्या भाकरींतून निघावयाचा. मजुरी उतरली म्हणजे घर चालविण्यासाठीं मजूर अधिक खणी. अधिक कोळसा बाजारांत आला म्हणजे भाव आणखी उतरे. आणि पट्टी आणखी खालीं सरके. बैल जितका जोरानें चाले तितका घाणाच त्याच्यावर रेटला जाई. आमचा शेतकरी हें चांगलें जाणतो. भरघोस पीक आणल्याची शिक्षा त्याला दर सुगीला बाजारांत मिळते.

१८८९ सालीं वेल्समधील न्यूपोर्ट येथें ग्रेट ब्रिटनचा खाणमजूर संघ निघाला आणि त्यानें हा हिशेब उलटा मांडला. तो म्हणाला, आधीं मजुराच्या घराला जगावयास काय लागतें तें ठरवा, आणि मग त्या तळावर कोळशाचा भाव बांधा. १८९३ सालीं भाव पडल्याचें सांगून मालकांनीं शेंकडा २५ कपात मागितली. संघानें नकार दिला. सुमारें तीन लाख माणसें टाळेबंदींत बाहेर पडलीं. ७ सप्टेंबर रोजीं यॉर्कशायरमधील फेदरस्टोन येथें शिपायांनीं गोळी घातली व दोन माणसें मेलीं. अखेर १७ नोव्हेंबरला परराष्ट्रमंत्री लॉर्ड रोझबरी यानें दोन्ही पक्षांना एका टेबलाशीं बसविलें. मजूर जुन्या दरानें कामावर गेले आणि दोन्ही बाजूंचे सारखे सभासद व बाहेरचा अध्यक्ष असें समेट मंडळ स्थापन झालें. पुढच्या वर्षीं या मंडळांत मजुरांना कांहीं कपात सोसावी लागली; पण १८८८ च्या दरावर शेंकडा ३० वाढ, याहून मजुरी खालीं जावयाची नाहीं, असा तळ त्यांनीं बांधून घेतला. साउथ वेल्सचे लोक मात्र पट्टीलाच बांधलेले राहिले. १८९८ सालीं सुमारें एक लाख माणसें तेथें महिनेंच्या महिने उपाशी बसलीं आणि हरलीं. त्या पराभवांतूनच त्यांचा स्वतःचा संघ जन्माला आला आणि १९०२ नंतर ती पट्टी गेली.

तळ बांधला तरी एक अडचण उरलीच. शेतींत एकाच्या वांट्याला काळी कसदार जमीन येते आणि दुसऱ्याच्या वांट्याला मुरूम. खाणींतही तसेंच. एकाला जाड थर मिळे; दुसऱ्याला पाणी, दगड आणि हातभर उंचीचा थर. टनाचा दर एकच धरला तर दुसऱ्यानें दिवसभर रक्त आटवून घरीं काय न्यावें? म्हणून १९१२ च्या मार्चांत सुमारें दहा लाख खाणमजूर संपावर गेले. मागणी दोन आंकड्यांची होती: पुरुषाला दिवसास निदान पांच शिलिंग, मुलाला दोन. सरकारनें घाईघाईनें किमान मजुरीचा कायदा केला. तत्त्व मान्य; पण आंकडा मात्र कायद्यांत घातला नाहीं! तो जिल्ह्याजिल्ह्याच्या मंडळांनीं ठरवावा, म्हणजे तेथील अध्यक्ष म्हणून बसलेल्या पंचानें ठरवावा. कांहीं जिल्ह्यांत तो पांच शिलिंगांहून कमीच ठरला. तत्त्वानें पोट भरत नाहीं. कायद्यांत आंकडा लिहून घ्यावयाचा राहिला, कीं तो दुसराच कोणी लिहितो.

पंच

आतां पंच नेमतात कसे तें पाहूं. याचा उत्तम मासला विलायतेचा नसून अमेरिकेंतला आहे. १९०२ च्या मे महिन्यांत पेन्सिल्व्हानियांतील कठीण कोळशाच्या खाणींत सुमारें १,४७,००० मजुरांनीं जॉन मिचेल याच्या पुढारीपणाखालीं संप केला. मालकांचा मुखत्यार जॉर्ज बेअर यानें एका पत्रांत लिहिलें कीं, मजुरांच्या हिताची काळजी चळवळे लोक नव्हेत, तर देवानें ज्यांच्या हातीं मालमत्ता सोंपविली आहे तेच सज्जन घेतील. पाहा! आमच्या म्हणींत पंचांच्या मुखीं परमेश्वर आहे. या गृहस्थानें तो थेट मालकाच्या तिजोरींत नेऊन बसविला.

हिंवाळा तोंडावर आला, शहरांत कोळसा मिळेना. तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट मध्यें पडला. मालकांनीं लवाद कबूल केला, पण पंच कोणत्या वर्गांतले असावेत तें आपणच सांगितलें: एक सैन्यांतला इंजिनिअर, एक खाणशास्त्रज्ञ, एक न्यायाधीश, एक समाजशास्त्रज्ञ, आणि एक कोळशाच्या धंद्यांतला जाणता. मजुरांचा माणूस म्हणून कोणीही नको! रूझवेल्टनें मग आगगाडीच्या कंडक्टरांच्या संघाचा मुख्य ई. ई. क्लार्क याला "समाजशास्त्रज्ञ" म्हणून घेतलें, आणि मालकांनीं तें मुकाट्यानें गिळलें. मजुरांचा माणूस त्यांना चालत नव्हता असें नव्हे. त्याचें नांव मजुरांचा माणूस असें असलेलें चालत नव्हतें.

त्या एका "समाजशास्त्रज्ञा"चा उपयोग काय झाला? १९०३ च्या मार्चांत निकाल लागला. मजुरांनीं शेंकडा २० वाढ मागितली होती, १० मिळाली. आठ तास मागितले होते, दहांचे नऊ झाले. संघाला मान्यता मिळाली नाहीं. म्हणजे मागणीच्या निम्में. पण निकालांत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. मजुरांना काट्यावर आपला मापाडी ठेवण्याचा हक्क मिळाला. आणि भाव वाढला तर मजुरी वाढेल, पण भाव पडला म्हणून ठरलेल्या तळाखालीं ती जाणार नाहीं, अशी वरच सरकणारी पट्टी मिळाली. इतकें तरी मिळालें तें पांच महिने बहुतेक मजूर खालीं उतरले नाहींत म्हणून.

वही

पुन्हां विलायतेस येऊं. पहिल्या महायुद्धांत सरकारनें खाणींचा कारभार आपल्या ताब्यांत घेतला होता. युद्ध संपलें, महागाई भडकली, आणि १९१९ च्या आरंभीं खाणमजूर संघानें मजुरी, तास आणि खाणी राष्ट्राच्या मालकीच्या करणें या मागण्यांवर संपाची तयारी केली. सरकारनें न्यायमूर्ति सँकी याच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. पण या वेळीं संघ सावध होता. बारा सभासदांपैकीं निम्मे मजुरांच्या बाजूचे असले पाहिजेत, ही अट त्यानें घालून घेतली. ते सहा जण होते तीन खाणमजूर पुढारी आणि सिडनी वेब, टॉनी व चिओझा मनी असे तीन अर्थशास्त्राचे जाणकार.

कमिशन बसलें कोठें? लॉर्डांच्या सभागृहाच्या वाड्यांत, राजाच्या पोशाखाच्या दालनांत. आणि तेथें प्रश्न विचारावयास कोण बसला? लार्कहॉलच्या काट्यावरचा मापाडी रॉबर्ट स्मायली! त्यानें ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंडसारख्या बड्या जमीनदारांना साक्षीस बोलाविलें. हे लोक खाण खणीत नसत, खाणींत पैसा घालीत नसत. जमीन आमची म्हणून तिच्याखालच्या कोळशाच्या दर टनामागें रॉयल्टी घेत. आमच्याकडे कोंकणांतला खोत घेई तसाच हा हिस्सा. स्मायलीनें विचारलें कीं, ही जमीन तुमच्याकडे आली कशी, त्याचे कागद कोठें आहेत? शतकानुशतकें मजुराच्या वजनाची झडती झाली होती. जमीनदाराच्या कागदाची झडती साऱ्या देशानें त्या दिवशीं पाहिली.

वही उघडली तेव्हां निकालही निराळा लागला. सँकीनें मार्चांतच दर पाळीस दोन शिलिंग वाढ, आठाऐवजीं सात तास, आणि मजुरांच्या घरांच्या व राहणीच्या सुधारणेसाठीं टनामागें एक पेनी, अशी शिफारस केली. जूनमध्यें तेरांपैकीं सात जणांनीं खाणी राष्ट्राच्या व्हाव्यात असें मत दिलें. या कमिशनचा अहवाल अक्षरशः आणि मनापासून पाळूं, असें सरकारनें मार्चांत लेखी कळविलें होतें. संप त्या शब्दावर थांबला होता. ऑगस्टांत सरकारनें राष्ट्रीकरणास साफ नकार दिला! आपल्या वाचकांनीं हें विसरूं नये. मजुरानें पंचांचा निकाल मोडला तर तो दंगेखोर. बलवानानें मोडला तर ती राजनीति.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. ३१ मार्च १९२१ रोजीं सरकारनें खाणी मालकांना परत दिल्या आणि मालकांनीं मजुरी पाडून टाळीं लावलीं. रेल्वे व वाहतूक कामगारांचे संघ १५ एप्रिलला ऐन वेळीं मागें फिरले. तो दिवस तिकडे "काळा शुक्रवार" म्हणून ओळखतात. जुलैंत तह झाला. त्यांत ठरलें कीं जिल्ह्याच्या खाणींच्या उत्पन्नांतून ठराविक मजुरी, इतर खर्च व ठराविक नफा वजा जातां जें शिल्लक राहील, त्याचे शंभरांतले ८३ मजुरांना आणि १७ मालकांना. हिशेब दोन्ही बाजूंचे तपासनीस पाहतील. कागदावर हें फार मोठें होतें. पण वही उघडली ती फक्त खाणीची. ज्या मालकाची कोक-भट्टीही होती, तो आपलाच कोळसा आपल्याच भट्टीला स्वस्तांत विके. नफा भट्टीच्या वहींत, तोटा खाणीच्या वहींत, आणि मजुरापुढें वही येई ती तोट्याची!

मग १९२५ सालीं पुन्हां कपातीची मागणी आली, आणि सरकारनें सर हर्बर्ट सॅम्युअल याच्या हाताखालीं नवें कमिशन नेमलें. सभासद चार: सॅम्युअल, बेव्हरिज, बँकेशीं संबंध असलेला जनरल लॉरेन्स, आणि कापडाचा कारखानदार केनेथ ली. मजुरांचा माणूस एकही नाहीं. १९२६ च्या मार्चांत निकाल: तास वाढवूं नयेत, रॉयल्टी राष्ट्राची करावी, धंद्याची पुनर्रचना करावी, पण मजुरी मात्र कमी करावी. यांतलें मजुरी कमी करण्याचें तेवढें तांतडीचें ठरलें! मजुरांचा चिटणीस ए. जे. कुक याची घोषणा होती कीं, पगारांतून एक पेनी कमी नाहीं, दिवसांत एक मिनिट जास्त नाहीं. मे महिन्यांत नऊ दिवस साऱ्या देशांत सार्वत्रिक संप झाला आणि वरच्या पुढाऱ्यांनीं तो मागें घेतला. खाणमजूर एकटे नोव्हेंबरपर्यंत लढले, उपासमारीनें हरले, आणि कमी मजुरीवर अधिक तास कामाला गेले.

येथें आमचे प्रतिपक्षी म्हणतील, "पाहा, हरलेच ना? त्यापेक्षां पंचांचें ऐकलें असतें तर बरें." त्यांस आमचें उत्तर असें. १९१९ सालीं कोळशाला भाव होता आणि १९२६ सालीं तो पडला होता, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु तोच धंदा, त्याच खाणी, अंतर सात वर्षांचें. ज्या कमिशनांत निम्मे लोक मजुरांचे होते, त्याला मजुराच्या घराची दशा दिसली. ज्यांत एकही नव्हता, त्याला मजुरी जास्त दिसली. याला भाव एकटा कारण नाहीं. रॉयल्टीवाल्यांचा हक्क १९३८ च्या कायद्यानें घेतला तेव्हां त्यांना ६,६४,५०,००० पौंड भरपाई मिळाली. भाव पडला म्हणून त्यांच्या भरपाईला कोणी सरकती पट्टी लावली नाहीं!

१ जानेवारी १९४७ रोजीं खाणी राष्ट्राच्या झाल्या. मालक गेला तरी मजुरीचा प्रश्न गेला नाहीं. १९७२ च्या जानेवारींत खाणमजूर देशभर संपावर गेले. वीज तुटूं लागली, कारखाने बंद पडूं लागले. ११ फेब्रुवारीस लॉर्ड विल्बरफोर्सची चौकशी नेमली आणि १८ फेब्रुवारीस निकाल बाहेर पडला, कीं खाणमजूर इतर कामगारांच्या मागें पडला आहे आणि त्याला खास वाढ मिळाली पाहिजे. आठवड्यांत न्याय सुचला! त्याआधीं तो कोठें होता? हेंही सांगितलें पाहिजे, कीं १९८४-८५ चा खाणी वांचविण्यासाठीं केलेला वर्षभराचा संप फसला, आणि १८ डिसेंबर २०१५ रोजीं यॉर्कशायरची केलिंग्ली ही तेथील शेवटची खोल खाण बंद झाली. धंदाच उठला तर काट्यावर उभें राहून उपयोग नाहीं. पण धंदा होता तोंवर ज्यानें काटा सोडला त्याचें घर आधीं बुडालें.

आमच्या घरचें

आतां आपल्या दाराशीं येऊं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खातें पाहत असतां १९४३ च्या डिसेंबरांत धनबादकडील खाणींत उतरले. आणि १९४४ सालीं खाणमजुरांच्या कल्याणासाठीं कोळशावर कर बसवून निधि काढण्यांत आला. आमच्या चंद्रपूरकडे बल्लारपूर, घुग्गूस येथें कोळसा निघतो. १९७३ पर्यंत देशांतील बहुतेक खाणी राष्ट्राच्या झाल्या आणि १९७४ च्या अखेरीपासून कायम मजुरांचे करार कंपनी व संघ यांच्या संयुक्त समितींत होत आले; अकरावा करार मे २०२३ मध्यें झाला. हें चांगलें झालें. पण त्याच खाणीवर ठेकेदाराच्या हाताखालीं राबणारा त्या करारांत नाहीं. त्याचा दर निराळा, त्याची वही ठेकेदाराच्या खिशांत.

आणि ऊस? महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें ऊसवाल्याला कारखान्याच्या महसुलांतून शंभरांतले ७० मिळावेत असा हिशेब ठरला. विलायतेच्या १९२१ च्या तहाचाच हा भाऊबंद! म्हणून त्या तहाला जी भोकें होतीं तीं येथेंही शोधलीं पाहिजेत. उसाचें वजन कारखान्याच्या काट्यावर, उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेंत, मळी व स्पिरिट यांचा भाव कारखान्याच्या वहींत. काटा मारतात अशी कुजबुज गांवोगांव चालते. पण काट्यापाशीं आपला माणूस उभा करावा असें किती गांवांनीं ठरविलें? ऊसतोड मजुरांची दशा त्याहून वाईट. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, मजुरी टनावर, आणि टनाचा दर अनेकदां पुढाऱ्यांच्या लवादांतून ठरतो. त्या लवादांत कोयता हातीं धरलेला किती वेळां बसला? आणि त्याच्या टनाचा काटा पाहणारा त्याचा स्वतःचा मापाडी कोठें आहे?

शेतकऱ्यानें येथें आपल्या मनालाही विचारावें. कारखान्यानें माझा काटा मारूं नये म्हणणारानें आपल्या शेतावरील मजुराच्या रोजाचा हिशेब तोंडी ठेवूं नये. जो न्याय वर मागावयाचा तो खालीं देतां आला पाहिजे.

लवाद नको असें आमचें म्हणणें नाहीं. लवाद जरूर घ्यावा. परंतु बसण्यापूर्वीं ठरवून घ्या: निम्मे पंच आमचे, वही साऱ्या धंद्याची, एका कोपऱ्याची नव्हे, निकालांत तत्त्व नको, आंकडा पाहिजे, आणि निकाल मोडेल त्याला काय शिक्षा तें आधीं लिहा. हें करावयास लाख माणसें लागत नाहींत. येत्या हंगामाआधीं गांवच्या ऊसवाल्यांनीं व तोडणीवाल्यांनीं एका ओट्यावर बसावें, टनामागें चार आठ आणे वर्गणी काढावी, हिशेबांत हुशार असा आपला एक मुलगा अगर मुलगी निवडावी, आणि काट्यापाशीं उभी करावी. तिला कोणी हुसकावील. दुसरी उभी करावी. विलायतेच्या मजुरांनींही असेंच केलें. १८६० सालीं हातीं आलेला हक्क १८८७ पर्यंत त्यांनीं सोडला नाहीं.